काटा चढतोय, पण इंजिन खोलायची घाई नको

प्रश्न : काका, नमस्कार. मी परिचारिका आहे. दीड वर्षापूर्वी एक छोटी पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली. तेव्हा ती ८ वर्षांची होती आणि मीटरवर ७१ हजार किलोमीटर होते, आता ७८ हजार झालेत. घर ते रुग्णालय ४ किलोमीटर, रोजचं जाणं-येणं तेवढंच, तेही बहुतेक रात्रपाळीचं. गेला महिनाभर गर्दीत अडकले की तापमानाचा काटा वर चढतो. दोन आठवड्यांपूर्वी मात्र ९० किलोमीटर लांब गेले होते, तेव्हा काटा जागचा हलला नाही. ऑइलच्या झाकणाला आतून साईसारखं पांढरट काहीतरी लागलेलं दिसतं. ते बघून गॅरेजवाले म्हणाले, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. शिवाय क्लच फार वर पकडतो, खड्ड्यातून जाताना पुढून कट-कट आवाज येतो आणि सेल्फ मारला की गाडी कण्हत चालू होते. सगळं मिळून त्यांनी सांगितलेला आकडा मी गाडीला मोजलेल्या पैशांच्या जवळजवळ निम्मा आहे. भाऊ म्हणतो, विकून मोकळी हो. पण मला गाडी लागतेच, अपरात्री दुसरं काही मिळत नाही. काय करू?

उत्तर : ताई, इंजिन खोलायला अजून होकार देऊ नका. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग, ते पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू देत नाही. पण तुमच्या पत्रातच दोन गोष्टी अशा आहेत की मला त्यापेक्षा रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनातलं पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या, पंख्याचा संशय जास्त येतोय. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण जे आधी तपासायला हवं होतं ते न तपासता थेट सगळ्यात महागड्या कामावर उडी मारली गेली, एवढं मात्र स्पष्ट दिसतं.

काटा चढतो यापेक्षा तो कधी चढतो, याला जास्त किंमत आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याचं फारसं काम पडत नाही. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. तुमची गाडी ९० किलोमीटर बिनतक्रार जाते आणि गर्दीत तापते. याचा अर्थ आत पाणी फिरतंय, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) उघडतोय, कमी पडतेय ती हवा. याच्या उलट असतं, म्हणजे गर्दीत ठीक आणि मोकळ्या रस्त्यावर काटा वर, तर मी चोंदलेला रेडिएटर, झिजलेली वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट आधी बघायला सांगितलं असतं. गेलेलं हेड गॅस्केट सहसा इंजिनावर ताण आला की जास्त छळतं. लांबच्या प्रवासात ते गप्प बसेल, याची शक्यता कमी.

आता झाकणाखालची साय. गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये शिरलं, असं समजून भलेभले ती बघून घाबरतात आणि घाबरवतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. गार गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून जे पाणी ठिबकतं ते हेच. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलपर्यंत उतरते. इंजिन पुरतं तापलं की ती उडूनही जाते. पण ४ किलोमीटरमध्ये ऑइल धड तापत नाही, तोवर तुम्ही रुग्णालयात पोचून गाडी बंद केलेली असते. मग ती वाफ इंजिनाच्या वरच्या गार भागाला, म्हणजे झाकणाला, धरते आणि ऑइलमध्ये मिसळून पांढरट साय होते. जवळच्या जवळ फिरणाऱ्या कितीतरी धडधाकट गाड्यांच्या झाकणाखाली ती सापडते.

हे घरी तपासता येतं. गाडी पूर्ण गार असताना झाकण काढून स्वच्छ कपड्याने पुसून घ्या. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढून बघा. तिच्यावरचं ऑइल काळपट का असेना, पण एकजीव दिसलं, दुधट झालेलं नसलं आणि पातळी आपोआप वाढलेली नसली, तर निम्मी काळजी मिटली. मग कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीवर पातळीच्या रेषेत पेनने खूण करा आणि आठवडाभर रोज गार गाडीवरच बघा. खूण आणि पाणी एकाच जागी राहिलं, शिवाय एकदा सलग ४०-५० मिनिटं गाडी चालवून आल्यावर झाकणाची साय कमी झाली, तर तुमचं हेड गॅस्केट बहुधा शाबूत आहे. खूण वर आणि पाणी खाली असं होत असेल आणि बाहेर कुठेच गळती दिसत नसेल, तर मात्र गॅरेजवाल्यांचं म्हणणं गांभीर्याने घ्यायचं.

पंख्याची परीक्षा त्याहून सोपी आहे. बॉनेट उघडा, गाडी चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंख्याच्या मोटरला जाणारं कनेक्टर आणि शेवटी मोटर, असं क्रमाने बघायचं. एसीवर फिरतो पण एसी बंद ठेवून काटा चढला तरी फिरत नाही, असं असेल तर तापमानाचा सेन्सर आणि त्याचं वायरिंग तपासायला सांगा. हात, ओढणी, केस पंख्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो अचानक सुरू होतो. खर्चाचं म्हणाल तर फ्यूज आणि रिले हे गाडीतल्या सगळ्यात स्वस्त सुट्या भागांपैकी आहेत. अख्खी मोटर बदलावी लागली तरी हेड उतरवण्याच्या कामापुढे ती रक्कम किरकोळ वाटेल.

मी एवढं पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो. गॅरेजमध्ये नवा असताना एक शिक्षक त्यांची जुनी गाडी घेऊन आले. तक्रार हीच, गर्दीत तापते. मी थर्मोस्टॅट बदलला. आठ दिवसांनी गाडी परत. रेडिएटर बदलला. पुन्हा परत. वॉटर बॉडी बदलली. चौथ्या खेपेला आमच्याकडच्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने पंख्याचं कनेक्टर सोडवून माझ्या तळहातावर ठेवलं. पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळलं होतं, आतली एक पिन काळी पडली होती आणि जळकट वास येत होता. पंखा कधी फिरायचा, कधी नाही. दोन वायरी आणि एक कनेक्टर, एवढंच काम. त्या गृहस्थांनी तोवर तीन वेळा पैसे मोजले होते, हप्त्याहप्त्याने. मजुरी मी परत केली, पण पार्टचे पैसे त्यांचे गेले ते गेलेच. तेव्हापासून मी तपासणीचे पैसे घेतो आणि अंदाजाने पार्ट बदलत नाही.

तुम्हीही गॅरेजला तपासणीचेच पैसे द्या, आनंदाने द्या. पंखा ठीक निघाला आणि तरीही गाडी तापत असेल, तर त्यांना हेड गॅस्केट सिद्ध करून दाखवायला सांगा. कूलिंगच्या लाइनवर हवेचा दाब देऊन तो किती वेळ टिकतो ते बघता येतं. कूलंटच्या टाकीतल्या हवेत जळलेला वायू आहे का, हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने कळतं, गॅस मिसळला असेल तर निळं द्रावण पिवळं पडतं. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजता येतं. या तिन्हींत इंजिन खोलावं लागत नाही.

आणि गॅस्केट खरंच गेलेलं निघालं, तर खर्च गॅस्केटचा नसतो हे ध्यानात ठेवा. गॅस्केट हा एक पत्रा. पैसे जातात ते काढघालीच्या तासांत आणि हेड वर्कशॉपला पाठवण्यात. तापून हेड वाकलंय का, तडकलंय का, हे तपासून घेतल्याशिवाय आणि गरज असल्यास फेसिंग (घासून सपाट) केल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका, नाहीतर काही महिन्यांत तेच काम पुन्हा निघेल. बऱ्याच गाड्यांत हेडचे बोल्टही एकदाच वापरायचे असतात, ते नवे मागा.

हे सगळं होईपर्यंत काटा चढला तर काय करायचं तेही सांगून ठेवतो. एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. आत उकडेल, पण हीटरचा कॉइल हा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला घ्या आणि गाडी बंद करा. ‘दोनच किलोमीटर राहिलेत’ म्हणून रेटू नका. हेडं वाकतात ती त्या दोन किलोमीटरमध्ये. रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण गरम असताना कधीच उघडायचं नाही. आत दाब असतो म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलंत की दाब सुटतो आणि तेच पाणी उकळून अंगावर येतं. भाजलेली माणसं तुम्ही रुग्णालयात पाहिलेली आहेत, जास्त सांगत नाही.

आता बाकीच्या तक्रारी. यात कट-कट आवाजाला मी सगळ्यात वर ठेवतो, कारण तो तुमच्या जिवाशी निगडित असू शकतो. खड्ड्यातली कट-कट बऱ्याचदा लिंक रॉडची, म्हणजे सस्पेन्शनमधल्या एका छोट्या दांड्याची, असते. हा पार्ट स्वस्त, काम थोड्या वेळाचं, आणि तो झिजला तरी चाक कुठे जात नाही. पण तसाच आवाज लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटचाही असतो. तो जॉइंट पुरता सुटला तर चाक आडवं पडतं. म्हणून गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवून दाखवायला सांगा. खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हललं तर स्टिअरिंगचा टाय रॉड. हे तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे, त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात. आवाज खड्ड्यात नसून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टक-टक-टक असा येत असेल, तर तो एक्सलच्या जॉइंटचा. तिथे आधी रबरी बूट फाटलाय का ते बघायचं. नुसता बूट वेळेवर बदलला तर थोडक्यात भागतं. ग्रीस गळून माती आत गेली की अख्खा जॉइंट जातो. ‘चारही शॉकअप टाकू या’ असं कोणी म्हटलं तर कुठल्या शॉकअपमधून तेल गळतंय ते दाखवायला सांगा. बदलायचेच झाले तर पुढची जोडी किंवा मागची जोडी, एकेकटा नाही. लोअर आर्म किंवा टाय रॉडचं काम केल्यावर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातील.

कण्हणारा सेल्फ. तुमचं रात्रीचं ४ किलोमीटरचं जाणं बॅटरीला उपाशी ठेवतं. चालू करताना ती भरपूर करंट देते, मग दिवे, ब्लोअर, वायपर, आणि भरून निघायच्या आत गाडी बंद. रात्रभर उभ्या गाडीवर बॅटरीचा व्होल्टेज मोजून घ्या. १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ च्या घरात असेल तर जवळजवळ रिकामी. गाडी चालू झाल्यावर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. आला नाही तर दोष चार्जिंगचा, नवी बॅटरी घेऊन काही होणार नाही, तीही उतरेल. बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल काढून त्यावरची पांढरी-हिरवी भुकटी साफ करून घ्या आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का बघा. कितीतरी ‘गेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्याने उठून बसतात. बॅटरी ३ ते ५ वर्षांची झाली असेल आणि चार्ज करूनही टिकत नसेल, तर मात्र बदला. तुम्ही अपरात्री निघता, तिथे चालढकल नको.

क्लच वर पकडतो म्हणजे प्लेट झिजत आलीय, पण झिजत येणं आणि घसरणं यांत फरक आहे. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरला असताना ॲक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी त्या मानाने पळाली नाही, तर प्लेट घसरतेय आणि काम जवळ आलंय. तसं होत नसेल तर काही महिने तरी निघतील, पैसे बाजूला टाकत राहा. पेडल जड लागत असेल तर आधी केबल बघा. क्लचची काढघाल म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं, आणि बिल वाढतं ते त्यामुळे. म्हणून एकदा उतरवल्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही नवीनच बसवा आणि इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपतंय का ते बघून घ्या. बेअरिंग वाचवून पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी आलेले कितीतरी गाडीमालक मी बघितलेत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत आणि मला तीच जास्त खुपतेय. गाडी साडेनऊ वर्षांची झाली. इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर उघडझाप करवणारा टायमिंग बेल्ट तिला आहे की चेन, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा तेही तिथेच लिहिलेलं असतं. रबर किलोमीटरने झिजतं तसं वयानेही कडक होऊन चिरतं, तुमच्यासारख्या कमी चाललेल्या गाडीत हे हमखास विसरलं जातं. आधीच्या मालकाकडची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग आत्ता सांगितलेला आकडाही कमी वाटेल. काही गाड्यांत वॉटर बॉडी याच बेल्टवर फिरते. तशी असेल तर दोन्ही एकदमच करा, मजुरी एकदाच लागते. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदललेलं बरं.

विकावी का? भावाचा सल्ला काळजीपोटीच आहे, पण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून बघण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याच पैशांत भर घालून तुम्ही दुसरी जुनी गाडीच घ्याल, आणि तिचं काय काय झिजलंय हे पुन्हा पहिल्यापासून शोधाल. हिचं दुखणं निदान तुम्हाला माहीत आहे. मी विकायला सांगितलं असतं ते वेगळ्या खुणांवर: खालच्या चॅसीला आरपार गंज लागलाय, सायलेन्सरमधून सतत निळा धूर येतोय आणि दर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल घालावं लागतंय, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकदम निघालेत. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

गॅरेजमध्ये गेलात की ‘हेड गॅस्केट करा’ असं म्हणू नका, ‘गर्दीत तापते, मोकळ्या रस्त्यावर नाही’ असं सांगा. लक्षण तुमचं, पार्टचं नाव त्यांचं. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेला अंदाज कागदावर मागा, फोन केल्याशिवाय काम वाढवायचं नाही हे आधीच बजावा आणि काढलेले जुने पार्ट परत मागा. आरसा, दाराची काच, हँडल भंगारातून घेतलंत तरी चालेल. ब्रेक, बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट मात्र वापरलेले किंवा बिननावाचे अजिबात नकोत.

उद्या सकाळी पाळी संपवून घरी आलात की झोपून घ्या, आणि दुपारी गार गाडीवर झाकण पुसून पेनची खूण करा, मग एसी लावून पंखा बघा. बॉल जॉइंटची तपासणी याच आठवड्यात. खूण कुठे राहिली आणि पंखा फिरला की नाही, ते मला लिहा.